विकत घेतलेली ‘विक्रांत’ आणि बांधलेली ‘विक्रांत’

महापे हे आमचे गाव समुद्रकाठी वसलेले नाही. तथापि समुद्र येथून फार दूरही नाही. पश्चिमेस घणसोली व कोपरखैरणे ओलांडले की ठाण्याची खाडी लागते. पूर्वेस पारसिकाचा डोंगर उभा आहे. त्या डोंगराच्या पलीकडे शिळफाट्याच्या वाटेने गेले असता कल्याण लागते, आणि दक्षिणेस थोड्याच अंतरावर पनवेल आहे. आज या भागात जिकडे तिकडे कारखाने, कचेऱ्या व मालमोटारींची वर्दळ दृष्टीस पडते. परंतु याच परिसरात एके काळी एक आरमार जन्मास आले, ही गोष्ट या रस्त्यांनी रोज शाळेत येणाऱ्या मुलामुलींपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल.

प्रस्तुत लेखाचा विषय आपल्या देशाने स्वतः बांधलेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ हा आहे. ती बांधली गेली केरळातील कोची येथे आणि नौदलात दाखल झाली २ सप्टेंबर २०२२ रोजी. मग आरंभ महाप्यापासून का, असा प्रश्न वाचकांस सहजच पडेल. याचे उत्तर असे की, जहाज विकत घेणे आणि जहाज बांधणे या दोहोंत जो भेद आहे, तो समजून घेण्यासाठी कल्याण-पनवेलच्या खाडीसारखे दुसरे ठिकाण नाही.

इ. स. १६५७ मध्ये श्रीशिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी घेतली आणि खाडीचे पाणी प्रथमच त्यांच्या राज्यास लागले. किल्ले घोड्यावर बसून जिंकता येतात. समुद्र जिंकावयाचा तर जहाजे हवीत, हे त्यांनी तत्काळ ओळखले. १६५९ च्या सुमारास कल्याण, भिवंडी व पनवेल येथे जहाजे बांधण्याचे काम चालू असल्याचा उल्लेख गोव्याच्या पोर्तुगीजांच्या पत्रव्यवहारात आढळतो. या कामावर आरंभी काही पोर्तुगीज कारागीर होते. ही जहाजे तयार झाली तर उद्या आपणांसच जड जातील, हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताडले आणि आपल्या लोकांस ते काम सोडून येण्यास भाग पाडले. कारागीर गेले, अर्धवट सांगाडे किनाऱ्यावर राहिले.

विद्यार्थिमित्रहो, या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करावा. दुसऱ्याचे कौशल्य पैसे देऊन आणता येते; पण ते ज्याचे त्याच्याबरोबर निघून जाते. कल्याणच्या किनाऱ्यावर त्या दिवशी दोनच मार्ग मोकळे होते. एक, काम सोडून देणे. आणि दुसरा, आपल्याच सुतार-लोहारांनी ते शिकून पुरे करणे. महाराजांच्या आरमाराने दुसरा मार्ग धरला, आणि पुढे गुराबा व गलबते यांचे जे आरमार कोकणकिनाऱ्यावर वावरू लागले, त्याची कथा सर्वश्रुत आहे. हीच गोष्ट साडेतीनशे वर्षांनंतर, लाकडाऐवजी पोलादाच्या बाबतीत, पुन्हा कशी घडली हे पुढे सांगावयाचे आहे. तोपर्यंत हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

आपल्या देशास जहाजबांधणी अगदीच अपरिचित होती असे कोणी समजू नये. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे कुशल कारागीर सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पुढे शतकाहून अधिक काळ शेकडो जहाजे बांधली. मलबारी सागवानाची ही जहाजे इतकी टिकाऊ असत की, १८१७ साली मुंबईत पाण्यावर उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगत आहे. परंतु पुढे लाकडाची जागा लोखंडाने आणि शिडाची जागा वाफेने घेतली. लोखंडाचे कारखाने व यंत्रविद्या राज्यकर्त्यांच्या देशात होती, आपल्या देशात नव्हती. त्यामुळे मुंबईच्या सुताराचे हात जसेच्या तसे असूनही मागे पडले. विद्या ही एकदा मिळविली म्हणजे कायमची आपली झाली असे नसते. काळाबरोबर ती पुनःपुन्हा मिळवावी लागते, हा यातील बोध होय.

आता विमानवाहू नौका म्हणजे काय, ते पाहू. नाव सोपे आहे. वस्तू मात्र मनुष्याने बांधलेल्या यंत्रांत अत्यंत अवघड अशांपैकी आहे. १९१० च्या नोव्हेंबरात यूजीन इली नावाच्या अमेरिकन वैमानिकाने ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेवर घातलेल्या लाकडी फळ्यांच्या मंचावरून विमान उडविले, आणि १९११ च्या जानेवारीत तोच ‘पेनसिल्व्हेनिया’ या दुसऱ्या नौकेवर विमानासह उतरला. त्याचे विमान थांबविण्यासाठी डेकवर आडवे दोर ताणले होते व प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांस वाळूची पोती बांधली होती. विमानाच्या आकड्यात दोर अडकले, पोती फरफटली आणि विमान थांबले. इंग्लंडची ‘आर्गस’ (१९१८) आणि जपानची ‘होशो’ (१९२२) या नौका त्यानंतर आल्या. पोती गेली, पोलादी तारा आल्या. परंतु मूळ कल्पना इली याच्या वेळचीच आहे.

अडचण कोठे आहे ते आकड्यांनी स्पष्ट होईल. मुंबईच्या विमानतळाची मोठी धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. ‘विक्रांत’ ही संपूर्ण नौका २६२ मीटर लांब व ६२ मीटर रुंद आहे, आणि तीवरून उडणाऱ्या विमानास धावण्यासाठी मिळणारी जागा फार तर सुमारे २०० मीटर. एवढ्या जागेत विमान उडावे कसे? याकरिता तीन युक्त्या योजिल्या आहेत. पहिली अशी की, उड्डाणाच्या वेळी नौका वाऱ्याच्या समोर तोंड करून वेगाने धावते. नौकेचा वेग ताशी ५० किलोमीटर व समोरचा वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर विमान जागचे हलण्यापूर्वीच त्याच्या पंखांवरून ताशी ८० किलोमीटर वेगाने हवा वाहू लागते; तेवढा वेग विमानास जणू फुकट मिळतो. दुसरी युक्ती म्हणजे डेकचे पुढचे टोक उतरंडीच्या उलट, वर उचललेले असते. ‘विक्रांत’च्या बाबतीत हा चढ १४ अंशांचा आहे, विमान त्यावरून उसळी मारून वर फेकले जाते आणि पूर्ण वेग येईपर्यंत त्यास हवेत थोडा अवधी मिळतो. तिसरी युक्ती उतरण्याच्या वेळची. विमानाच्या शेपटीखालील आकडा डेकवरील तीन तारांपैकी एकीत अडकतो व विमान थोडक्या अंतरात थांबते. येथे एक चमत्कारिक नियम आहे. डेकला चाके टेकताच वैमानिक इंजिनाचा जोर कमी न करता उलट पूर्ण वाढवितो. कारण आकडा एकाही तारेत अडकला नाही, तर पुन्हा उडण्यावाचून गत्यंतर नसते. रात्रीच्या अंधारात, हेलकावे खाणाऱ्या डेकवर हे करावे लागते.

एवढी अवजड वस्तू तरंगते कशी, हे पदार्थविज्ञानाच्या वर्गात आर्किमिडीजच्या सिद्धांतात आपण शिकलाच आहात. ‘विक्रांत’चे वजन सुमारे ४३,००० टन आहे, म्हणून ती ४३,००० टन समुद्राचे पाणी बाजूस सारते. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १.०२५ टन असते. भागाकार करता हे पाणी सुमारे ४२,००० घनमीटर भरते. २० मीटर लांब, १० मीटर रुंद व ५ मीटर उंच असे सभागृह कल्पावे. अशी बेचाळीस सभागृहे काठोकाठ भरतील एवढे पाणी ही नौका आपल्या पोटाने दूर लोटते. हे गणित मुलांनी स्वतः करून पाहावे.

आपल्या नौदलास अशी पहिली नौका मिळाली ती बांधून नव्हे, विकत घेऊन. १९४३ साली, दुसरे महायुद्ध चालू असता, इंग्लंडात ‘हर्क्युलीस’ नावाने एका नौकेच्या बांधणीस आरंभ झाला; १९४५ साली ती पाण्यावर उतरली; परंतु युद्ध संपले आणि तिची गरजही संपली. ती अपुरी नौका बरीच वर्षे पडून होती. १९५७ साली आपल्या सरकारने ती विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत पुरी करून घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी ती ‘विक्रांत’ या नावाने नौदलात दाखल झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती मुंबईस आली.

या पहिल्या ‘विक्रांत’ची सेवा थोर होती. १९७१ च्या युद्धात तिच्या चार बॉयलरांपैकी एकास तडे गेलेले होते व त्यामुळे तिचा वेग कमी झाला होता. तरीही ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले करून शत्रूचा समुद्रमार्ग बंद केला. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. २००१ ते २०१२ या काळात ती मुंबईच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी होती. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ पालकांनी लहानपणी तिच्यावर पाय ठेवला असेल. पुढे तिचे जतन करणे शक्य झाले नाही. २०१४ साली ती भंगारात विकली गेली आणि खाडीच्या पलीकडे मुंबईच्या दारुखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग वितळवून पुण्याच्या बजाज कंपनीने मोटारसायकलींत वापरला. रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या मोटारसायकलीत कदाचित त्या नौकेचा कण असेल.

‘विराट’ ही दुसरी नौकाही इंग्लंडातून जुनी घेतलेली होती. ती १९८७ ते २०१७ पर्यंत सेवेत होती. ‘विक्रमादित्य’ ही तिसरी रशियाकडून घेतली. तिचा करार २००४ साली झाला. ती २००८ साली मिळावयाची होती, परंतु प्रत्यक्षात १६ नोव्हेंबर २०१३ रोजी मिळाली, आणि तोपर्यंत तिची किंमत मूळ ठरलेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक झाली होती. ‘विक्रमादित्य’ आजही आपल्या नौदलाचे मोठे बळ आहे. तिला उणे लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु ज्याच्या गोदीत आपले जहाज अडकलेले असते, त्याच्याशी भाव करताना आपला आवाज खाली येतो, हे या व्यवहाराने दाखविले. घर दुसऱ्याच्या हाती बांधावयास दिले आणि अर्ध्या भिंती उभ्या राहिल्यावर गवंड्याने मजुरी वाढवून मागितली, तर घरधनी काय करील?

स्वतः बांधण्याची विद्या एका उडीत येत नाही. मुंबईच्या माझगाव गोदीने प्रथम इंग्रजी नकाशांवरून ‘निलगिरी’ ही लढाऊ नौका बांधली. ती १९७२ साली दाखल झाली. दुसऱ्याच्या वहीवरून गिरविण्यासारखाच हा प्रकार होता. पण गिरविता गिरविता हात बसतो. अकरा वर्षांनी, १९८३ साली, त्याच गोदीतून ‘गोदावरी’ बाहेर पडली. तिचा आराखडा आपल्याच नौदलाच्या अभियंत्यांनी केलेला होता. प्रथम गिरविणे, नंतर स्वतःच्या अक्षरात लिहिणे, आणि मग स्वतःचा निबंध रचणे, हा क्रम शाळेत जसा आहे तसाच गोदीतही आहे.

नव्या ‘विक्रांत’चा आराखडा नौदलाच्या स्वतःच्या संरचना विभागाने केला आणि बांधणीचे काम कोचीन शिपयार्ड या सरकारी गोदीकडे आले. त्या गोदीने मालवाहू जहाजे बांधली होती. युद्धनौका मात्र ही पहिलीच. २००५ साली पोलाद कापण्यास आरंभ झाला. परंतु लगेचच सर्वांत मोठी अडचण पुढे उभी राहिली, आणि ती म्हणजे खुद्द पोलाद.

युद्धनौकेचे पोलाद हे खिडकीच्या गजाचे पोलाद नव्हे. पोलादात कर्बाचे प्रमाण वाढविले की ते कठीण होते. पण त्याबरोबर ठिसूळही होते आणि वेल्डिंगच्या ठिकाणी तडकते. नौकेस असे पोलाद हवे की जे लाटांचे व स्फोटांचे आघात सोशील, थंडीत ठिसूळ होणार नाही आणि शेकडो ठिकाणी जोडले असताही सांध्यात कच्चे राहणार नाही. वरच्या डेकचे पोलाद तर याहूनही निराळे. कारण त्यावर वीस टनांच्या आसपास वजनाची विमाने आदळणार व इंजिनांच्या ज्वाळा पडणार. हे पोलाद रशियाहून आणावयाचे असा विचार होता. पण ते हवे तेव्हा व हवे तसे मिळेना. कल्याणचा किनारा आठवावा. सांगाडा समोर आहे, आणि ज्याच्यावर भिस्त ठेवली तो हात देत नाही.

या वेळीही दुसराच मार्ग धरला गेला. हैदराबाद येथील संरक्षण खात्याच्या धातुसंशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ आणि ‘सेल’ ही सरकारी पोलाद कंपनी यांनी मिळून आपल्याच देशात ते पोलाद तयार केले. नौकेच्या अंगासाठी एक जात आणि डेकसाठी दुसरी, अशा या पोलादास डी.एम.आर. २४९ अ व २४९ ब ही रूक्ष नावे मिळाली. परंतु त्या रूक्ष नावांमागे वर्षानुवर्षांचे प्रयोग आहेत. भिलाई, बोकारो व रुरकेला येथील भट्ट्यांतून सुमारे ३०,००० टन पोलाद या नौकेसाठी पुरविले गेले. या खटपटीत काही वर्षे गेली खरी. पण त्यानंतर बांधल्या गेलेल्या आपल्या इतर युद्धनौकांसही हेच पोलाद उपयोगी पडले. विकत आणलेले पोलाद एका नौकेपुरते पुरले असते. शिकलेले पोलाद कधी संपत नाही.

२८ फेब्रुवारी २००९ रोजी नौकेचा कणा बसविला गेला. नौका एकसंध उभारीत नाहीत; शेकडो लहानमोठे खंड निरनिराळे तयार करून, क्रेनने उचलून, एकमेकांस जोडतात. एका खंडातील नळ शेजारच्या खंडातील नळासमोर अचूक यावा लागतो. मापात थोडी चूक झाली तरी पुढच्या सर्व खंडांस ती भोवते. १२ ऑगस्ट २०१३ रोजी समारंभपूर्वक जलावतरण झाले. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ती चाचणीसाठी प्रथम खुल्या समुद्रात गेली. २८ जुलै २०२२ रोजी नौदलाच्या ताब्यात आली. तिच्या पोटात सुमारे २,२०० खोल्या आहेत, सुमारे १,६०० माणसांची राहण्याची सोय आहे, आणि स्त्री-अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र व्यवस्थाही आहे. आमच्या शाळेच्या विद्यार्थिनींनी हे वाक्य दोनदा वाचावे. तिच्यात घातलेल्या विजेच्या केबलींची लांबी सुमारे २,५०० किलोमीटर भरते. ती सरळ अंथरली तर मुंबईहून कोलकात्यास पोहोचूनही पुष्कळ उरेल.

ही नौका कोचीच्या गोदीत जोडली गेली हे खरे. पण ती केवळ कोचीत बनली नाही. देशातील सुमारे ५५० लहानमोठ्या कारखान्यांचा तिला हात लागला. नौकेत वीज वाटून देणारे मोठे स्विचबोर्ड, सुकाणू फिरविणारी यंत्रणा व पाणी आत येऊ न देणारी झाकणे लार्सन अँड टुब्रोच्या मुंबई व तळेगाव येथील कारखान्यांत तयार झाली. हवा थंड ठेवणारी मोठी यंत्रे पुण्याच्या किर्लोस्कर उद्योगसमूहाने केली. नांगराचा साखळदंड कोलकात्याचा, गिअर-पेट्या गुजरातच्या, पंप बहुतेक चेन्नईचे. नौका समुद्रावर असते; पण तिची मुळे अशी जमिनीवर, आपल्यासारख्याच कारखान्यांच्या गावांत पसरलेली असतात.

आता हिशोबाची दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. कारण अर्धे सत्य हे अभिमानास पोकळ करते. ‘विक्रांत’मधील स्वदेशी भाग ७६ टक्के असल्याचे सरकारने सांगितले आहे. म्हणजे सुमारे चौथा हिस्सा अद्याप परका आहे, आणि त्या चौथ्या हिश्श्यात महत्त्वाच्या वस्तू आहेत. तिला चालविणारी चार गॅस टर्बाइन इंजिने मूळची अमेरिकन बनावटीची आहेत. तिच्यावरील मिग लढाऊ विमाने रशियन आहेत, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये नौदलासाठी २६ राफेल विमानांचा करार फ्रान्सशी झाला. आपल्या ‘तेजस’ विमानाची नौदलासाठी केलेली आवृत्ती ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘विक्रांत’वर प्रथम उतरली, ही आनंदाची गोष्ट आहे, पण ते विमान हे प्रयोगाचे पाऊल होते. शिवाय पोलाद प्रथम कापल्यापासून नौका दाखल होईपर्यंत सतरा वर्षे लागली. तेव्हा आपण सर्व शिकलो असे कोणी म्हणू नये. आपण शिकू शकतो एवढे मात्र सिद्ध झाले.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आमच्यासारख्या शाळेत विचारला गेलाच पाहिजे. या नौकेस सुमारे २०,००० कोटी रुपये खर्च आला. ज्या देशात अद्याप कित्येक मुलांस शाळेची पायरी दिसत नाही, तेथे संहाराच्या साधनावर एवढा पैसा का वेचावा? शेजाऱ्यावर प्रेम करावे असे आम्ही सकाळच्या प्रार्थनेत शिकवितो आणि दुपारी युद्धनौकेचे गुणगान करितो, हे विसंगत नव्हे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, आणि त्याचे सोपे उत्तर आमच्याजवळ नाही. तथापि दोन गोष्टी नम्रपणे सांगाव्याशा वाटतात.

पहिली अशी की, समुद्रावरचे बळ हे आपोआप पापही नसते आणि पुण्यही नसते. ते कोणाच्या हाती व कोणत्या मर्यादेत आहे, यावर सर्व अवलंबून असते. मराठी राज्याचे धोरण सांगणारे ‘आज्ञापत्र’ रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात आरमाराची थोरवी सांगितली आहेच. पण त्याच प्रकरणात, जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या दारची आंब्या-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, झाड हवेच असेल तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावे, अशीही ताकीद आहे. आरमार हवे, पण ते ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच मुळावर येता कामा नये, हा त्यातील अर्थ आजही तितकाच खरा आहे. नौकेचा हिशोब मागणे हा देशद्रोह नव्हे. तो नागरिकांचा हक्क आणि धर्म आहे.

दुसरी गोष्ट अशी की, या पैशातून नौकेबरोबरच दुसरेही काही निर्माण झाले. गोदीत सुमारे २,००० माणसे आणि बाहेरील कारखान्यांत सुमारे १२,५०० माणसे या कामावर होती. त्यांच्या हातांत जे कौशल्य आले, ते युद्धापुरते मर्यादित नाही. जो हात युद्धनौकेचा सांधा निर्दोष जोडतो, तोच पुलाचा, रुग्णालयातील प्राणवायूच्या टाकीचा व रेल्वेच्या डब्याचाही सांधा निर्दोष जोडील.

येथे पालकांशी दोन शब्द बोलल्यावाचून आम्हांस राहवत नाही. आपला मुलगा वेल्डर, फिटर किंवा टर्नर होणार असे कोणी म्हटले की पुष्कळ घरांत तोंडे उतरतात. जणू ते अपयशाचेच दुसरे नाव आहे. नौकेच्या पोलादाचे सांधे क्ष-किरणांनी व ध्वनिलहरींनी तपासले जातात. त्या तपासणीत वेल्डरची जात, घराणे किंवा इंग्रजी उच्चार दिसत नाहीत. केवळ त्याचे काम दिसते. सांध्यात केसाएवढी पोकळी राहिली तरी तो भाग कापून पुन्हा करावा लागतो. आराखडा काढणारा अभियंता कितीही विद्वान असो, अखेर १,६०० जिवांचा भार त्या अनाम हाताने जोडलेल्या सांध्यावरच राहतो. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभे राहून अंगावर तेलाचे डाग घेऊन घरी येणारे कित्येक बाप आमच्या वाचकांत असतील. त्यांच्या मुलांनी त्या डागांची लाज बाळगू नये. देशाचे आरमार अशाच कपड्यांतून उभे राहते.

आणि विद्यार्थ्यांनो, आपणांस सांगावयाचे ते थोडेच आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतलेले उत्तर आणि स्वतः चुका करीत करीत सोडविलेले गणित, या दोहोंस गुण कदाचित सारखेच मिळतील. परंतु पहिले उत्तर शेजारी उठून गेला की त्याच्याबरोबर जाते. दुसरे आपल्याजवळ राहते. पहिली ‘विक्रांत’ पराक्रमी होती. पण तिचा तडकलेला बॉयलर कसा घडविला होता, ते जाणणारे हात परदेशात होते. नव्या ‘विक्रांत’चे पोलाद उद्या झिजले, तर ते कसे ओतावयाचे हे भिलाईस ठाऊक आहे. सतरा वर्षांत आपण जे मिळविले ते हे.

नवी नौका दाखल झाली त्याच दिवशी नौदलाने आपला ध्वजही बदलला. नव्या ध्वजावर निळ्या रंगाचा एक अष्टकोन आहे, आणि तो शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. तो कोचीस फडकला. पण त्याचे मूळ शोधीत निघाले तर वाट याच डोंगराच्या पलीकडे, कल्याणच्या खाडीकाठी येऊन थांबते. जेथे एके दिवशी परके कारागीर निघून गेले, आणि आपल्या माणसांनी टाकून दिलेली हत्यारे उचलून उरलेले काम हाती घेतले.